शेतजमीन : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

शेतजमिनीची मालकी आणि वापर याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. कूळकायद्याची (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा) उत्तरे पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणाला लागू असलेल्या १९४८ च्या कायद्याला धरून आहेत. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळकायदा चालतो आणि विदर्भात १९५८ चा. तिकडच्या वाचकांनी कलमांचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत.

प्रश्न : आमच्या १ हेक्टर ६० आर जमिनीचा आकार सातबाऱ्यावर फक्त ४ रुपये १२ पैसे लिहिला आहे. ही छापण्याची चूक आहे का? दुरुस्त करून घ्यावी का? (एक वाचक, इंदापूर)

चूक नसावी. आकार म्हणजे त्या जमिनीवर बसवलेला वर्षाचा सरकारी सारा. जमिनीच्या आजच्या किमतीशी त्याचा काही संबंध नाही. हा आकडा ठरवण्याची पद्धत तर तुमच्याच तालुक्यात घडली.

इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात, १८२७ पासून, प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुणे भागात पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याचे ५५ टक्के सारा म्हणून घ्यायचे, असा त्यांचा हिशेब होता. मुळातले उत्पन्नाचे आकडेच चुकीचे, त्यामुळे सारा झेपेना आणि रयत जमिनी सोडून जाऊ लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने मोजणी केली, १८३६ च्या सुमारास नवे दर लावले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली.

त्यांनी उत्पन्नाचा नाद सोडला आणि माती पाहिली. शेतात जागोजागी खणून मातीची खोली ‘हात’ या मापात मोजायची. काळी, एकसारख्या पोताची, पावणेदोन हात खोल माती म्हणजे सोळा आणे. खोली कमी झाली किंवा रंग उतरला की आणे कमी. त्यावर चुनखडी, वाळू, उतार, उपळट (खालून पाणी झिरपणे) असा एकेक दोष सापडला की प्रत एकेक पायरी खाली. अशा नऊ प्रती होत्या. मग गावाचे हवामान आणि बाजारपेठ पाहून दर ठरायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही. फेरआकारणी बहुतेक तालुक्यांत स्वातंत्र्यापूर्वीच थांबली. तुमचे ४ रुपये १२ पैसे तिथून आले आहेत, आणि हलक्या माळाला तेवढा आकार असणे स्वाभाविक आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. जमिनीचे हिस्से पडले असतील तर मूळ नंबराचा आकार सगळ्या हिश्श्यांत क्षेत्राप्रमाणे फोडलेला असतो. सगळ्या हिश्श्यांच्या आकारांची बेरीज मूळ आकाराइतकी भरलीच पाहिजे. भरत नसेल तर भूमि अभिलेख कार्यालयातून आकारफोड पत्रकाची नक्कल काढा. लेखनातली चूक निघाली तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज चालतो. हा आकडा क्षुल्लक समजू नका. पुढच्याच उत्तरात त्यावर पैसे ठरतात.

प्रश्न : सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे आणि इतर हक्कात ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे. आजोबांना १९६१ मध्ये ही जमीन कूळ म्हणून मिळाली. आता विकायची तर प्रांतांची परवानगी लागेल का? (एक वाचक, वाई)

बहुधा लागणार नाही. पण विक्रीआधी एक रक्कम भरावी लागेल. खरेदीखत आधी आणि भरणा मागाहून, असे मात्र कधीही करू नका.

वर्ग २ म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, वर्ग १ म्हणजे तसे बंधन नसलेली. हा शेरा का पडला ते आधी सांगतो. रयतवारीने, म्हणजे वर सांगितलेल्या सारापद्धतीने, शेतकऱ्याला थेट सरकारचा खातेदार केले, त्याबरोबर जमीन विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. सारा रोखीत आणि ठरलेल्या हप्त्यावर भरायचा, म्हणून सावकाराकडे जाणे आले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळल्यावर कर्ज फिटेना. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात लोकांनी सावकारांची खतेपत्रे जाळली आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. १९०१ मध्ये सरकारने जमीन विकता न येणारी ‘नवी शर्त’ आणली. मुंबई कायदे कौन्सिलात तिला कडाडून विरोध झाला, फिरोजशहा मेहता आणि गोखले सभात्याग करून बाहेर पडले. आजचा वर्ग २ या नव्या शर्तीच्याच वंशातला आहे.

कोकणात खोती होती, म्हणजे सारा गोळा करणारा खोत कुळांवर हुकूमत चालवायचा. तिथे १९३३ पासून अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला. या सगळ्या दडपणातून १९४८ चा कूळकायदा आला आणि पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कसत होता तो कूळ कायद्याने खरेदीदार मानला गेला. किंमत ठरवण्यासाठी कलम ३२ग ची चौकशी व्हायची. कायम कुळांचा हिशेब वेगळा होता. इतर कुळांसाठी किंमत आकाराच्या २० पटीपेक्षा कमी नाही आणि २०० पटीपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा होती. पैसे भरले की ३२म चे प्रमाणपत्र मिळे. कष्टाने मिळालेली जमीन पुन्हा सावकाराच्या किंवा जुन्या मालकाच्या घशात जाऊ नये म्हणून कलम ४३ ने विक्रीवर बंधन घातले. त्या काळी ते बंधन योग्यच होते, असे आमचे मत आहे.

२०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झाले. खरेदीला १० वर्षे होऊन गेली असतील तर परवानगी लागत नाही. अटी चार. विक्रीपूर्वी आकाराच्या ४० पट नजराणा, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरणे. घेणारा शेतकरी असणे. त्याची जमीन कमाल धारणा (सिलिंग) कायद्याच्या मर्यादेत राहणे. आणि तुकडेबंदीचा, म्हणजे ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे न पाडण्याच्या नियमाचा, भंग न होणे. आकार ९ रुपये ५० पैसे असेल तर नजराणा होतो ३८० रुपये, बस एवढाच. ‘साहेबांना सांभाळावे लागेल’ म्हणून लाखाची भाषा करणारा मध्यस्थ भेटला तर त्याला हा गुणाकार दाखवा.

काम या क्रमाने करा. आधी सर्व वारसांची नावे लागलेली आहेत का ते पाहा. मग ३२म प्रमाणपत्र आणि त्यावरून पडलेला फेरफार यांच्या नकला काढा. घरी नसतील तर तहसील कार्यालयाच्या कूळकायदा शाखेत आणि अभिलेख कक्षात शोधा. त्या जोडून तहसीलदारांकडे अर्ज द्या, चलनाने नजराणा भरा, शेरा कमी होऊन वर्ग १ झाल्याचा फेरफार प्रमाणित होऊ द्या. विक्रीची बोलणी त्यानंतर.

काम अडते ते बहुतेक वेळा प्रमाणपत्रावर. ३२ग ची किंमत ठरली, पण हप्ते भरलेच नाहीत, त्यामुळे ३२म निघालेच नाही, असे पुष्कळ घरांत आहे. अशा वेळी प्रकरण शेतजमीन न्यायाधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदारांकडे, नेऊन आधी खरेदी पूर्ण करावी लागते. आणखी एक सावधगिरी : ही ४० पट सवलत कूळकायद्याच्या जमिनीलाच आहे. वतन-इनामाची, सरकारने दिलेली किंवा सिलिंगमध्ये मिळालेली जमीनही वर्ग २ असते, पण तिचे नियम आणि रकमा वेगळ्या. शेऱ्यातला कायदा कोणता ते वाचल्याशिवाय हिशेब करू नका.

प्रश्न : वडील २०११ मध्ये वारले, आई त्याआधीच गेली. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. जिरायत ३ एकर २० गुंठे. बहिणींनी शंभराच्या स्टॅम्पवर हक्क सोडल्याचे लिहून दिले आहे. वाटणी कशी करावी? (एक वाचक, बार्शी)

त्या स्टॅम्पवर भिस्त ठेवू नका. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले असेल तरच बहिणींचा हिस्सा सुटतो. नोटरी केलेला कागदही चालत नाही. आणि हक्क सोडायचा की नाही हा पूर्णपणे त्यांचा निर्णय आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी, आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या दिवशी वडील हयात असणेही गरजेचे नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या तेवढ्या उकरल्या जात नाहीत. तुमच्या बाबतीत जमीन वडिलोपार्जित असो वा वडिलांच्या कमाईची, वाटे चारच आणि सारखे.

आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा. फेरफार नोंदवहीत नोंद पडते, नोटिसा निघतात, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दस्ताने आणि वारसाने ठरते. फेरफार त्याची महसुली नोंद आहे. नोंद चुकली म्हणून हक्क बुडत नाही, तसाच नोंद आपल्या नावे झाली म्हणून नवा हक्कही येत नाही.

मग वाटणी. चौघांचे एकमत असेल तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करा. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालय, आणि तिथल्या हुकमाप्रमाणे प्रत्यक्ष सरस-निरस (जमिनीची प्रत पाहून) वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत.

आता गुंठ्यांचा हिशेब. ३ एकर २० गुंठे म्हणजे १४० गुंठे, प्रत्येकी ३५. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचे १० गुंठे ठरले. तुमचे वाटे बसतात. पण पुढच्या पिढीत एका वाट्याचे दोन केले की साडेसतरा गुंठे होतात आणि तिथे कायदा आडवा येतो. सातबाऱ्यावर नावे एकत्र राहू शकतात, वेगळा तुकडा मात्र पाडता येत नाही. ज्याचा वाटा तुकड्यात जातो त्याला जमिनीऐवजी मोबदला देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

राज्यातली सरासरी धारणा १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. म्हणून आमचा आग्रहाचा सल्ला : मालकीची वाटणी स्वच्छ करा, पण पेरणी, ट्रॅक्टर, विहीर एकत्र ठेवता आली तर ठेवा. पस्तीस गुंठ्यांच्या चार पट्ट्यांत चार बांध घातले की जमीनही जाते आणि औताला वळायलाही जागा उरत नाही.

वाटणीपत्रात या गोष्टी हमखास राहून जातात : विहिरीतला हिस्सा आणि पाळी, पाइपलाइन कोणाच्या पट्टीतून जाते, वीजजोडणी कोणाच्या नावे, झाडे, आणि मागच्या पट्टीला जाण्याची वाट. वाटेची रुंदी फुटांत आणि जागा नकाशावर दाखवा. ‘पूर्वापार रस्ता’ एवढेच लिहिले तर दहा वर्षांनी मामलेदार कोर्ट ॲक्टखाली अर्ज करायची पाळी येते, आणि तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जमीन शेजाऱ्याच्या गटात निघाली, आणि त्याच्या ताब्यातली आमच्या गटात. भांडण नाही. काय करावे? (एक वाचक, शिरूर)

एकत्रीकरण योजना, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची योजना, झालेल्या गावांत ही अडचण सर्रास आहे. सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पाडले तेव्हा अदलाबदल कागदावर झाली, ताबे जागच्या जागी राहिले. योजनेतली चूक दुरुस्त करण्याचा मार्ग भूमि अभिलेख खात्याकडे आहे, पण इतक्या वर्षांनी केलेले असे अर्ज न्यायालयात टिकणे कठीण.

दोघे राजी असाल तर जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेली सलोखा योजना तुमच्यासाठीच आहे. परस्परांचा ताबा किमान १२ वर्षांचा हवा. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. त्यावर अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फीमध्ये होतो. योजनेला मुदत आहे, म्हणून आधी दुय्यम निबंधक कार्यालयात ती चालू असल्याची खात्री करा. त्याआधी दोन्ही गटांची सरकारी मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. ताब्याचा नकाशा आणि क्षेत्र नक्की झाल्याशिवाय अदलाबदल केली तर एका चुकीच्या जागी दुसरी येते. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते.

प्रश्न : आर आणि गुंठा एकच का?

जवळपास, पण एकच नाही. जुनी साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. एका हेक्टरात १०० आर, म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. फरक एका गुंठ्याला १३ चौरस फुटांचा, पण १० एकरांत तो जवळजवळ ५ गुंठ्यांवर जातो. खरेदीखतात आर लिहा, कंसात गुंठे नकोत.

प्रश्न : आम्ही नोकरीनिमित्त बाहेर असतो. जमीन अर्धेलीने (निम्म्या पिकाच्या वाट्याने) द्यायची आहे, पण कूळ लागेल अशी भीती घालतात. ११ महिन्यांचा करार केला तर चालेल का? (एक वाचक, संगमनेर)

११ महिन्यांचा आणि कूळ लागण्याचा काही संबंध नाही. तो समज घरभाड्याच्या करारावरून आला आहे. कूळकायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. तो कुटुंबातला नसावा, मजुरीवरचा गडी नसावा आणि ताबेगहाणदार (गहाण म्हणून जमिनीचा ताबा घेतलेला) नसावा, एवढेच पाहिले जाते. करार तोंडी असला तरी चालतो. कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही कलम ३२ओ ने एका वर्षाच्या आत खरेदीचा हक्क मागता येतो. तुमची भीती निराधार नाही.

या भीतीचा खरा फटका कसणाऱ्याला बसतो, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे. कागद नाही म्हणून त्याला पीककर्ज नाही. गारपिटीची भरपाई सातबारावाल्याच्या खात्यात जाते. दरवर्षी जमीन बदलते म्हणून तो शेणखत घालत नाही, बांध दुरुस्त करत नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. त्यात मालकाची मालकी सुरक्षित राहते आणि कसणाऱ्याला कर्ज-विम्यासाठी कागद मिळतो. महाराष्ट्राने या दिशेने लवकर जायला हवे.

आज मात्र निर्णय डोळे उघडे ठेवून घ्या. गडी ठेवून मजुरीवर शेती करायची असेल तर मजुरी खरोखर आणि बँकेतून द्या, बियाणे-खताची बिले तुमच्या नावे घ्या. अर्धेलीला मजुरीचा मुखवटा घालणे हा अन्याय आहे आणि चौकशीत तो उघडाही पडतो. ई-पीक पाहणी प्रत्येक हंगामात वेळेवर करा. खातेदाराऐवजी दुसरा कोणी कसताना आढळला तर तलाठी ‘नमुना १४’ या अहवालाने तहसीलदारांना कळवतो आणि चौकशी लागते. अर्धेली ठरलीच तर नुकसानभरपाई आणि विम्याची रक्कम कोणाची, किती, हे पेरणीआधी ठरवा.

प्रश्न : सौर प्रकल्पासाठी कंपनी आमची ४ हेक्टर जमीन ३० वर्षांच्या भाड्याने मागते आहे. करारात काय पाहावे? (एक वाचक, माण)

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ असा दर आहे. दहाव्या वर्षी तो सुमारे १ लाख ६३ हजारांवर जातो. तुमच्याशी बोलणी करणारी कंपनी याच योजनेतली आहे की खासगी वीजविक्रीसाठी आली आहे, ते आधी लेखी घ्या.

मुरमाड माळ द्यायला आमची हरकत नाही. विहिरीखालची किंवा कालव्याची जमीन देऊ नका. खडी, रस्ते आणि यंत्रांच्या वजनाने दबलेली काळी माती पुन्हा पिकाखाली आणणे फार जड जाते.

करार नोंदणीकृतच हवा. सर्व सहखातेदारांच्या सह्या हव्यात, एकही राहिली तर पुढे मनाई हुकूम येतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तिची लेखी संमती घ्या. वर्ग २ असेल तर आधी परवानगी. भाडे करार झाल्या तारखेपासून सुरू झाले पाहिजे. ‘प्रकल्प कार्यान्वित झाल्यापासून’ असे शब्द असतील तर जमीन अडकते आणि दोन-दोन वर्षे पैसा येत नाही. कंपनीने कर्जासाठी आपला भाडेहक्क गहाण ठेवावा, तुमची मालकी नाही, हे वाक्य स्पष्ट हवे. अकृषिक आकारणी आणि सगळे कर कंपनीने भरायचे. कंपनी बदलली तर नवी कंपनी त्याच अटींनी बांधलेली राहील, आणि भाडे सलग किती महिने थकले तर ताबा परत मिळेल, तेही लिहा.

शेवटचे कलम बहुतेक जण वाचत नाहीत. मुदत संपल्यावर पॅनेल, खांब, जमिनीतले काँक्रीट आणि केबल काढून नेण्याची जबाबदारी कंपनीची, त्यासाठी सुरुवातीपासून स्वतंत्र अनामत किंवा बँक हमी, आणि काम सुरू करताना खरवडलेली वरची माती शेताच्या कडेला वेगळी रचून ठेवण्याची अट. खांब किती खोल गेले याचा नकाशा कराराला जोडून घ्या.